कळांचं इंजेक्शन कमरेत का नको?

प्रश्न : बहिणीच्या कळा मंदावल्या तेव्हा दवाखान्यात सलाईन लावून तासन्‌तास थेंब मोजत होते. आमच्याकडे गावात हेच औषध कमरेत टोचतात आणि बाई तासाभरात मोकळी होते. मग एवढा उशीर कशाला?

उत्तर : औषध एकच, ऑक्सिटोसिन. पण कमरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही. कुणाची गर्भाशयाची पिशवी किती औषधाला कशी आवळेल हे आधी कळत नाही, म्हणून सुरुवात अगदी थोड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ५०० मिली सलाईनमध्ये अडीच युनिट घालतात. मिनिटाला १० थेंब, मग दर अर्ध्या तासानं आणखी १०. दहा मिनिटांत ३ कळा, प्रत्येक ४० सेकंदांहून जास्त, अशी लय बसली की थेंब वाढवायचे नाहीत. हा हिशोब १ मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या नळीचा, म्हणजे सेटचा आहे. सेट १५ थेंबांचा निघाला तर त्याच १० थेंबांतून एक तृतीयांश औषध जास्त जातं. आकडा पाकिटावर छापलेला असतो; तो वाचायचा मात्र राहून जातो.

थेंबांइतकंच महत्त्वाचं म्हणजे पोटावर हात ठेवून कळा मोजणं आणि बाळाचे ठोके ऐकणं. दोन कळांच्या मध्ये पिशवी सैल पडते, तेव्हाच वारेतून बाळाला पुरेसा प्राणवायू पोचतो. दहा मिनिटांत ५ हून जास्त कळा आल्या की ही उसंत मिळत नाही आणि ठोके उतरू लागतात. अशा वेळी सलाईन लगेच बंद करून बाईला डाव्या कुशीवर वळवतात. रक्तातलं औषध काही मिनिटांत निम्म्यावर येतं. कमरेतलं मात्र मुरतच राहतं. त्यात बाळ आडवं असेल, किंवा वाट अरुंद असेल, तर पिशवी फाटू शकते. तासाभरात मोकळ्या झालेल्यांचीच गावात चर्चा होते.

प्रश्न : आधीचं बाळंतपण सिझरनं झालंय. कळांची गोळी चालेल?

उत्तर : ती गोळी म्हणजे मिसोप्रोस्टॉल. ती नको, पिशवीची जुनी शिवण उसवू शकते. गरजच पडली तर पिशवीचं तोंड उघडायला फुग्याची नळी, किंवा फार जपून ऑक्सिटोसिन. तेही तातडीनं सिझर करता येईल अशाच ठिकाणी. सिझर न झालेल्यांनाही ही गोळी एका वेळी २५ मायक्रोग्रॅमच देतात. २०० ची गोळी मोडून आठ सारखे तुकडे होत नाहीत. म्हणून २५ ची गोळी नसेल तर रुग्णालयात २०० ची अख्खी गोळी २०० मिली पाण्यात विरघळवून २५ मिली पाजतात.

प्रश्न : बाळ झाल्यावर मांडीत पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. चुकून का?

उत्तर : नाही, मुद्दाम. पोटात दुसरं बाळ नाही ना हे चाचपून पहिल्या मिनिटातच १० युनिट देतात. आता आत बाळ नाही, आणि पिशवी घट्ट आवळली तरच रक्त थांबतं. इथे एकदम देणंच बरोबर. ॲम्प्युल, म्हणजे औषधाची कुपी, ५ युनिटची असेल तर दोन लागतात. ती २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. उन्हाळ्यात ट्रेमध्येच पडून राहिली तर जोर उतरतो, आणि ते कळतं रक्त थांबत नाही तेव्हा.