तिकीट जिथलं, तिथेच उतर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. कोल्हापूरला विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला, आणि पुढे आंबा घाट आहे म्हणून तू साखरप्यात उतरून रत्नागिरीला परत आलीस. उलटी झालीच नव्हती, होईल असं वाटलं. अभिनंदन नंतर करीन, आधी हे वाच.

गाडी लागणं निराळं आणि गाडी लागेल म्हणून घाबरणं निराळं. पहिलं म्हणजे आतल्या कानाचं आणि डोळ्यांचं भांडण. वळणावर कान सांगतो आपण हलतोय, आणि मोबाईलवर खिळलेले डोळे म्हणतात सगळं जागच्या जागी आहे. ड्रायव्हरला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं. तूही पुढच्या रांगेत बस आणि लांबचा रस्ता बघ. मागच्या बाकावर बसून हाडं खिळखिळी झाली तर माझ्याकडे तक्रार नको. उपाशी निघू नकोस, मिसळ चापूनही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो, शिवाय झोप येते.

दुसरं मात्र स्टँडवर उभ्या गाडीतच सुरू होतं. घाट अजून तास-दीड तासावर असतो आणि इथे तळवे गार, पोटात गोळा. घाबरलेलं शरीर पचन बाजूला ठेवतं म्हणून पोट ढवळतं, आणि पोट ढवळलं की तू आणखी घाबरतेस. साखरप्यात उतरल्यावर बरं वाटलं ना? तिथेच घोळ झाला. मनानं हिशेब मांडला की उतरले म्हणून वाचले. बसून राहिली असतीस तर भीती चढली असती आणि चढून ओसरली असती. ते तू बघितलंच नाहीस. म्हणून माझा एकच नियम: तिकीट जिथलं, तिथेच उतरायचं.

हा घाट नको म्हणून मी एके काळी कोल्हापूरला कोकण रेल्वेनं मडगाव, मग लोंढा, मग मिरज अशी गेले आहे. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या गावाला गोवा-कर्नाटक फिरून! घरी सांगायचे, दूधसागर बघायचा होता. मोठ्या आत्याला शेवटचं भेटायचं त्याच फेऱ्यात राहून गेलं. त्यावर जास्त लिहीत नाही. नंतर हट्टानं एसटी धरली. लेकाला लहानपणी मध्येच उतरू दिलं नाही म्हणून घरचे अजून मला कठोर म्हणतात. म्हणू देत, तो आज कुठल्याही घाटात घोरतो. (त्याला तशीही गाडी लागत नव्हती, असं त्याचं म्हणणं. असेल.)

तर पहिलं तिकीट हातखंब्याचं काढ. ते अंगवळणी पडलं की पालीचं, मग नाणीज, मग साखरपा, मग घाट चढून आंबा. कितीही ढवळलं तरी त्याआधी उतरायचं नाही, आणि शूरपणा करून पुढेही जायचं नाही. तिकीट जिथलं, तिथेच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची सबब ऐकणार नाही. पिशवी जवळ ठेव, पण बॅगेत. ती हातात धरून बसलीस की तू प्रवास करत नसतेस, उलटीची वाट बघत असतेस.

आणि झालीच उलटी तर? झाली. कंडक्टरला त्याचं काही नवल नाही. शेजारची बाई आलेपाक देईल आणि तुझ्या सात पिढ्यांची चौकशी करील. तेवढ्यासाठीही उतरायचं नाही! खिडकीतून डोकं मात्र बाहेर काढू नकोस, घाटात ट्रक अगदी घासून जातात.

प्रवासाच्या आदल्या दिवसापासून जेवण जात नाही असं लिहिलंयस, ते मला बरं वाटलं नाही. सरावानं ते सुटलं नाही तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं, लाजायचं नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. सगळंच काही बाईंच्या हट्टानं बरं होत नाही.

उद्या हातखंबा. साधी लाल गाडी घे, तिची खिडकी उघडते. संध्याकाळी फोन कर. उलटी झाली का हे मी विचारणार नाही, उतरलीस कुठे एवढंच विचारीन.

तुझ्या बाई