किलबिल कोणाची, आणि गातो कोण : कोकिळा की कोकीळ?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सध्या त्यांच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पहाटे पाचच्या सुमाराला कोणी पक्षी शीळ घालत बसतो, आणि चाल दर वेळी निराळी. नातीनं विचारलं, ‘आजी, कोण किलबिल करतंय?’ ताईंना तो शब्द खटकला. एकट्या पक्ष्याच्या आवाजाला किलबिल म्हणतात का? नसेल तर काय म्हणायचं? आणि जाता जाता, ‘कोकिळा गाते’ बरोबर की ‘कोकीळ गातो’?

ताई, खटकलं ते योग्यच. किलबिल एकट्यादुकट्याची नसते. सकाळी एम्प्रेस गार्डनमध्ये शिरल्या शिरल्या, कोणता आवाज कुणाचा हे अजून सुटं झालेलं नसताना जे सगळं मिळून कानांवर येतं, ती किलबिल. शब्दाची घडणही तेच सांगते. किलबिल, चुळबुळ, कुजबुज, लगबग, गजबज हे शब्द एकापाठोपाठ म्हणून बघा. दुसरा तुकडा ‘ब’ घेऊन येतो आणि अर्थात एक ठाशीव आवाज किंवा हालचाल न राहता बरंच काही बारीकसारीक एकमेकांत मिसळतं. याउलट चिवचिव, कावकाव, टुकटुक यांत तोच तुकडा जसाच्या तसा परत येतो, म्हणून ते एकाच गळ्याला शोभतात. नियम म्हणून हे कुठे लिहून ठेवू नका. ‘कलकल’ तंतोतंत दुहेरी असूनही गर्दीचीच. पण भाषेचा कल साधारण असा आहे.

मग एकट्या पक्ष्यासाठी काय? त्याला मराठीत क्रियापदांची वाण नाही. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, ज्ञानदेवांच्या विराणीतला काऊ ‘कोकतो’. आणि गावाकडे सर्रास चालतं ते ‘ओरडणे’ : पावशा ओरडायला लागला, रात्री टिटवी ओरडत होती, मोर ओरडला. शहरातल्या कानाला ओरडणं म्हणजे रागावणं वाटतं, म्हणून पाठ्यपुस्तकातले पक्षी सगळे ‘गातात’. पक्ष्यांच्या बाबतीत ‘ओरडणे’ हे साधं, तटस्थ क्रियापद आहे. त्यात ना तक्रार ना कौतुक. मला तरी सरसकट ‘गाणे’पेक्षा ते बरं वाटतं.

शब्द आणि पक्षी असे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत, पण ते एकच आहेत. आधी क्रियापद ठरवा, नाव मागून येतं. आवाज घुमतोय, ठोके पडताहेत, वटवट चाललीय की शीळ आहे, एवढं पक्कं झालं की बागेतले निम्मे पक्षी आपोआप बाद होतात. मोबाइलवर मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप लावलं तर तेही नाव सांगतं, नाही असं नाही, पण नाव वाचून झालं की आपण ऐकणं थांबवतो.

तुमच्या टाकीवरचा घ्या. शीळ आहे, पहाट आहे, बसायला उंच उघडी जागा आहे आणि मुख्य म्हणजे चाल बदलतेय. हा दयाळ. थोडं उजाडलं की गच्चीवर जाऊन बघा : बुलबुलाएवढा, डोकं, छाती आणि पाठ काळीभोर चमकदार, पोट पांढरं, पंखावर पांढरा लांब पट्टा, आणि शेपूट सारखी वर उचललेली. मादी काळ्याच्या जागी राखी असते. थंडीतही तो तुमच्याच आवारात होता, पण तेव्हा कुंडीमागून नुसतं ‘च्र्र, च्र्र’ असं खेकसायचा, म्हणून लक्ष गेलं नाही. फाल्गुन-चैत्रात दिवस मोठा होऊ लागतो, तसा नर आपली हद्द राखायला आणि मादीला बोलवायला असा शिखरावर चढून बसतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या लकबीही उचलतो.

त्याच्या नावात मात्र दया शोधू नये. हिंदीत तो दहियर, बंगालीत दोयेल (बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी), आणि याच माळेतलं आपलं दयाळ. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत त्याचा ‘डायल बर्ड’ झाला. 1758 मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्याला ‘सॉलॅरिस’ हे लॅटिन नाव दिलं, ते डायल म्हणजे सूर्याचं घड्याळ अशा समजुतीतून, ‘सोलॅरिस’ (सूर्याचा) लिहिताना अक्षर चुकून, अशी एक कथा सांगतात. एडवर्ड ब्लाइथ या पक्षिशास्त्रज्ञाला ती पटली नव्हती. खरं काहीही असो, टाकीवर बसून पहाटेची वेळ सांगणाऱ्याला घड्याळाचं नाव मिळालं, हे मला भारी आवडतं.

शीळ घालणारे आणखी आहेत. नाचण पाच-सहा सुरांची एकच लकेर घेतो, अगदी माणसानं शीळ घातल्यासारखी, पण ती बदलत नाही. बागेतल्या गर्द सावलीत शेपटीचा पंखा उघडमीट करत फिरत असतो. शिपाई बुलबुलाचं बोलणं तोकडं आणि खुशीतलं. बुलबुल ‘गातो’ ही समजूत फारसी काव्यातून आली. तिकडचा बुलबुल हा पक्षीच वेगळा.

वटवटीचं काय सांगावं! राखी वटवट्या नावाचा बोटभर पक्षी कण्हेरीच्या किंवा जास्वंदीच्या झुडपातून एकाच पट्टीत बोलत सुटतो. असं बोलणाऱ्या माणसांना आपण जे म्हणतो तेच त्याचं नाव. त्याच्या शेजारचा शिंपी तितकाच चिमुकला, आवाज मात्र ‘टुविट टुविट टुविट’ असा खणखणीत. घुमणाऱ्यांत होला आणि भारद्वाज. भारद्वाज कुंपणाच्या दाटीतून ‘ऊप, ऊप, ऊप’ असं खोलवर घुमतो. अंगात आलेला माणूसही घुमतोच, आणि भारद्वाजाचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटतं.

ठोक्यांचा पक्षी पुणेकरांना वेगळा सांगायला नको. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं ठोकून मठार काढताना जी लय लागते, ती ज्यानं ऐकलीय त्याला तांबट हे नाव कुणी समजावून द्यावं लागत नाही. टुक, टुक, टुक, मिनिटाला शंभराच्या वर ठोके, सुरुवात जरा दबकी आणि मग एकसारखा जोर. आवाज ऐकून त्याला शोधायला जाल तर फसाल, कारण बोलताना तो मान इकडून तिकडे वळवतो आणि आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. दुर्बीण असेल तर त्याचा गळा पाहा : प्रत्येक टुकला फुगतो आणि बसतो, चोच मात्र बंदच. उंबर किंवा वड फळला की त्याच झाडावर नक्की सापडतो. त्याच्या कुळातला, पण अंगानं बराच मोठा, जाड्या चोचीचा तपकिरी डोक्याचा तांबट ‘कुटर्रूक, कुटर्रूक’ करतो. नाव तांबट खरं, पण ते ठोके नव्हेत.

आता कोकिळेकडे. गातो तो नर, म्हणून पक्ष्याबद्दल बोलताना ‘कोकीळ गातो’ हेच बरोबर. नर काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिचा आवाज म्हणजे ‘किक्-किक्-किक्’ असा भराभर निघणारा, आणि तो बहुधा कावळे मागे लागलेले असताना ऐकू येतो, कारण अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात. जुन्यांना हे ठाऊक होतं. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात वसंत उतरतो तेव्हा आंब्याचा मोहर खाऊन कूजन करणाऱ्या पक्ष्याला कालिदास नुसतं कोकिल म्हणत नाही, ‘पुंस्कोकिल’, म्हणजे नर कोकीळ, म्हणतो. मराठीत गोड गळा म्हणजे बाईचा, या हिशेबानं गाणं कोकिळेच्या पदरात पडलं असावं. गायिकेला गानकोकिळा म्हणतो तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. नातीला पाळण्यावर म्हणून दाखवताना कोकिळाच गाऊ दे. शाळेच्या प्रकल्पात तिनं ‘कोकीळ’ लिहिलेलं बरं.

आणखी एक, ‘कोकिळा आली’ असं आपण म्हणतो, तेही खरं नाही. पुण्यात तो बारा महिने असतो, थंडीत गप्प असतो इतकंच. कावळा काळा, कोकीळ काळा, फरक कळतो वसंत आल्यावर, असं सांगणाऱ्या सुभाषितानं तो ‘येतो’ असं म्हटलेलंच नाही.

चैत्र-वैशाखात कोकिळाशी गल्लत होते ती पावशाची. दोघेही दर ओळीला सूर चढवत नेतात आणि टिपेला पोचून एकदम थांबतात. अक्षरं मोजा. कोकिळाची दोन, दुसरं लांबवलेलं : कु-हूऽ. पावशाची तीन आणि जोर मधल्यावर : पेर्-ते-व्हा. हाच आवाज हिंदीत ‘पी कहाँ’ आणि बंगालीत ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असा ऐकतात; उन्हाळ्यातल्या रात्री झोपमोड झालेल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. पेरणीची आठवण आपल्यालाच झाली. दिसायला तो शिकरा या लहान शिकारी पक्ष्यासारखा, आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो.

बरेच जण पावशालाच चातक समजतात. चातक निराळा : काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, पाऊस तोंडावर आला की दिसू लागणारा. तुमच्या टाकीवर चैत्रात तो यायचा नाही.