लाल कांदा आणि मीठपाण्याचा थेंब

अनेक आशीर्वाद.

चालू सूक्ष्मदर्शक एकच आणि नववीच्या वर्गात मुलं साठ, ही अडचण खरी आहे. दुसऱ्यासाठी मागणी करत राहा, पण पेशींचे प्रयोग अडवून ठेवू नकोस.

सुरुवात लाल कांद्याने कर. नेहमी आपण पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा घेतो. आयोडिन लावून केंद्रक दाखवायला तो उत्तम. यावेळी मात्र बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा सोल. त्याचा रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत असतो, आणि तोच आपल्या कामाचा आहे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पापुद्रा पसर आणि कव्हर स्लिप, म्हणजे वरची पातळ काच, तिरकी धरून हळूच टेकव. नाहीतर हवा अडकते आणि काळ्या जाड कडेचा बुडबुडा मुलं पेशी म्हणून वहीत काढतात.

आता 100 मिलि पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब एका कडेला सोड, समोरच्या कडेला टिपकागद लाव. मीठपाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो, गडद होतो. पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची ताठ भिंत, मात्र जागच्या जागी. फार वेळ न घालवता तशाच रीतीने साधं पाणी आत ओढ, रंग परत पसरतो. शेजारी उकळलेला पापुद्रा ठेव. त्यातला रंग पाझरून गेलेला असतो, मीठपाण्याने तिथे काहीच हलत नाही. जिवंत पेशीचं पटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण, काय काम करतं, हे या दोन काचपट्ट्या एकत्र पाहिल्यावर जेवढं कळतं तेवढं माझ्या कुठल्याही व्याख्यानाने मुलांना कळलं नाही.

रांगेत थांबलेल्यांना बटाटा दे. पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या, काही साध्या पाण्यात, काही मीठपाण्यात. अर्ध्या तासाने मोजायच्या, वाकवून बघायच्या. पट्ट्या आधी तूच कापून ठेव, ब्लेड मुलांच्या हाती नको.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. आकृती फळ्यावर आधी काढू नकोस. काढलीस की कुणी भिंगातून बघतच नाही, साठही वह्यांत तुझीच आकृती उतरते. आधी दिसेल ते पेन्सिलीने काढू दे, वाकडं असलं तरी. भागांची नावं नंतर. परीक्षेची नेटकी आकृती आठवडाभराने गिरवता येईल. प्रयोगवही तपासताना काचपट्टीशी जुळणाऱ्या वेड्यावाकड्या आकृतीला पूर्ण गुण दे, आणि ते का दिले हे वर्गात मोठ्याने सांग.

पहिला तास झाला की त्या आकृत्यांचे फोटो पाठव. बुडबुडे किती निघाले तेही कळव.

तुझ्या बाई