नागपूरच्या उन्हाची सवय असेल तर फिनिक्स (अ‍ॅरिझोना) झेपेल का? शहर एकूण कसं आहे?

दुपार झेपेल हो, रात्रीचं सांगता येत नाही. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर गेला, हे सगळे सांगतात. पण त्याच जुलैत सलग 16 रात्री तो 32 च्या खाली उतरलाच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट पहाटेपर्यंत धग सोडत राहतं, आणि शहर पसरेल तशी ही धग वाढते. त्या वर्षी फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं त्या एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 जण दगावले. त्यात बेघर लोक फार होते. एसी असलेल्याचं फिनिक्स वेगळं आणि नसलेल्याचं वेगळं.

जुलैत गार पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येतं. गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल उघड्या हाताला लागलं तर चटका बसतो, म्हणून पार्किंगमध्ये लोक दाराजवळची जागा सोडून लांबच्या झाडाखाली गाडी लावतात. कूलर आणायचा विचार असेल तर जूनपर्यंत ठीक. पुढे इथलाही मॉन्सून येतो. पाऊस थोडा, धुळीची वादळं मोठी, आणि दमट हवेत कूलर निकामी.

वस्ती 2020 च्या जनगणनेत 16 लाखांवर, अमेरिकेत पाचवा नंबर. लोक येतात ते नोकऱ्यांसाठी आणि हिवाळ्यासाठी. शेजारच्या चँडलर शहरात चिप बनवणारी इंटेल आहे, उत्तरेला तैवानच्या टीएसएमसीचा चिपचा कारखाना. नोव्हेंबर ते मार्च हवा इतकी सुरेख असते की उन्हाळ्याचा राग विसरायला होतं. मात्र गाडीशिवाय पान हलत नाही. लाइट रेल आहे, पण सगळीकडे पोचत नाही.

वाढीला खरी अडचण पाण्याची आहे. सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांवरची धरणं जवळची, पण कोलोराडो नदीचं पाणी सुमारे 540 किलोमीटरच्या कालव्यातून पंपाने चढवून आणलेलं. तिथे आटलं की इथे कपात. नवीन वसाहतीला 100 वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते, आणि 2023 मध्ये राज्याने सांगितलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना अशी परवानगी मिळणार नाही. त्यामुळे पुढे घर घ्यायचं झालं तर शहराच्या टोकाला स्वस्त मिळतंय म्हणून उडी मारू नका. पाणी कुठून येतं ते आधी विचारा. आणि पश्चिमेला मोठ्या खिडक्या असलेलं घर, माझं ऐकाल तर, भाड्यानेही घेऊ नका.