त्यात काय हशील? (आणि तहसील, महसूल, हौसला वगैरे)

प्रश्न असा आलाय की 'त्यात काय हशील?' मधला हशील आणि तहसीलदारातला तहसील एकाच घरातले का, आणि हिंदीतला हौसला पण त्यातलाच का. सोबत हेही लिहिलंय की लेकीला बरेच दिवस हे 'त्यात काय हसशील?' असं ऐकू यायचं. मला तर तेच जास्त आवडलं, पण असो.

हो, तिन्ही एकाच घरातले. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, इथे ती व्यंजनं ह-स-ल. ह म्हणजे घशातून येणारा जड ह आणि स म्हणजे 'साद' हे अक्षर, आपल्या कानाला दोन्ही साधेच वाटतात. जुने अरबी कोशकार या धातूपासून झालेल्या 'हासिल'चा, म्हणजे आपल्या हशीलच्या मूळ रूपाचा, अर्थ देतात तो असा, की बाकीचं सगळं निघून गेल्यावर जे उरतं, टिकतं ते, आणि उदाहरण देतात हिशोबाचं नि कामाचं. म्हणजे 'एवढा खटाटोप करून शेवटी हातात काय राहिलं' हा जो आपला प्रश्न आहे ना, तो जवळपास शब्दशः तोच, आपण रोज बोलताना हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा कोशातला अर्थ वापरतोय आणि आपल्याला पत्ताच नाही.

इब्न फारिस नावाचा मोठा कोशकार होऊन गेला, साधारण १००४ च्या सुमारास वारला. तो म्हणतो धातूचा अर्थ एकच, गोळा करणं. पुढे असंही नोंदवतो की काही जाणकारांच्या मते 'तहसील' म्हणजे मुळात खाणीतल्या मातीतून किंवा दगडातून सोनं-चांदी वेगळी काढणं. कुराणात १०० व्या सूरेतल्या १० व्या आयतेत हेच क्रियापद आलंय, माणसांच्या छातीत दडलेलं सगळं बाहेर काढलं जाईल अशा अर्थाने. आता तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी तीन चकरा मारल्यावर तिथे माती कोण नि सोनं कोण हे ज्याचं त्याने ठरवावं.

हौसल्याची गंमत वेगळीच आहे. गावठी कोंबडी घरी साफ केली असेल तर माहीत असेल, मानेखाली एक पातळ पिशवी निघते, ज्वारीच्या दाण्यांनी टच्च भरलेली, दाणे अजून अख्खेच असतात. त्या पिशवीला अरबीत म्हणतात 'हौसला', कारण पक्षी त्यात दाणे गोळा करतो. फारसीत जाऊन त्याचा अर्थ पोट, मग पोटात मावेल तेवढी कुवत, मग धीर असा सरकत गेला आणि उर्दू-हिंदीत हिंमत झाला. आजही इराणी माणूस कंटाळला की म्हणतो माझा हौसला उतू गेला. आणि आजच्या अरबीत याच शब्दाचं छोटं रूप करून फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांना नाव दिलंय. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून 'हौसला बुलंद' म्हटलं की मला ती ज्वारी दिसणार, तुम्हालाही दिसो.

बाकीचं घर पटकन. महसूल हे 'गोळा झालेलं' असं रूप, मजकूर-मंजूर ज्या साच्यातले त्याच साच्यातलं. अरबीत आणि तुर्कीत महसूल म्हणजे शेतातलं पीक, आपल्याकडे मात्र पिकावरचा सरकारचा वाटा, म्हणजे पीक तिकडे राहिलं आणि सारा इकडे आला. तहसील तुर्कीत वसुली तर आहेच पण शिक्षणही, उर्दूतही 'तहसील-ए-इल्म' म्हणजे विद्या मिळवणं. आपण बेरजेत 'हातचा एक' म्हणतो तिथे हिंदीवाले 'हासिल एक' म्हणतात. आणि अरबीत 'तहसील हासिल', म्हणजे जे मिळालेलंच आहे ते पुन्हा मिळवणं, थोडक्यात पिठाचं दळण. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या मीटिंगांना हे नाव देता येईल.

हासिलचा हशील का झाला? मराठीत ई समोर आली की स चा श व्हायला वेळ लागत नाही, म्हैस पण म्हशी, सिपाही पण शिपाई. गावाकडे 'तहशीलदार' म्हणतात त्यांना हसू नका, जीभ नियमानेच चाललीय. हशीलला अनुस्वारवालं भावंडही आहे, हंशील. आजोबांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांच्या मागच्या पानावर किंमतीखाली बारीक अक्षरात 'टपाल हंशील निराळे' असायचं, म्हणजे पोस्टाचा खर्च वेगळा. लहानपणी मला वाटायचं हंशील हा कुणीतरी टपाल खात्यातला साहेब आहे.

एक सावधगिरी मात्र. वसूल याच घरातला वाटतो, अर्थही जुळतो, पण नाही. तो व-स-ल चा, पोचणे-जोडणे या अर्थाचा, पैसे वसूल म्हणजे पैसे पोचले. इराकमधल्या मोसुल शहराचं नावही त्याच धातूचं. हवालदार, अहवाल हे तर तिसऱ्याच ह-व-ल चे, तिथे साद अक्षरच नाही. आणि व-स-ल च्याच घरातली आपली वासलात, मुळात जमा झालेल्या रकमांचा ताळेबंद, शेवटचा हिशोब. तो एकदा मिटवला की प्रकरण संपलं, म्हणून आपण एखाद्या गोष्टीची, आणि काय सांगावं, कधी माणसाचीही, वासलात लावतो.