चॅटजीपीटीकडून व्यंकटेश माडगूळकरांच्या शैलीत गोष्ट लिहून घेता येते का? प्रॉम्प्ट काय द्यावा?

येते की, मिनिटात येते. पण ती माडगूळकरांची वाटत नाही.

आमचे दाजी पुण्यात आयटीत आहेत. मे महिन्यात सांगलीला आलेले, जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून मोबाईलवरनं चॅटजीपीटीनं लिहिलेली एक गोष्ट वाचली आणि म्हणे ओळखा कुणाची. सुरुवातच 'माणदेशाच्या हिरव्यागार कुशीत'. हिरवागार माणदेश! दुष्काळी मुलूख तो. माझं आजोळ आटपाडीकडचं, उन्हाळ्यात आडावर घागरी घेऊन नंबर लावलेत आम्ही. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून तिकडं ऊस दिसतो हे खरं, पण गोष्ट स्वातंत्र्याच्या आसपासची होती. पुढं ऐन वैशाखात ओढा खळाळतोय आणि मेंढका काठीला रेलून सांगतोय, 'लेकरा, माती म्हंजी आपली आय हाय.' मेंढरं कुठं बसवली, त्यांना पाणी कुठं पाजलं, कायच नाही, नुसतं तत्त्वज्ञान. घरातले वा वा करायला लागले तसं मी म्हणलं, दाजी, हा शाळेतला निबंध आहे, फक्त धोतर नेसवलंय. ताई डोळे वटारून बघत होती.

दाजींचं लग्नापासूनचं मत आहे की गावाकडचं लिहायला काय अक्कल लागत नाही, चार 'व्हय' आणि चार 'न्हाय' टाकले की झालं. बॉटचंही तेच मत दिसतंय, त्यानं निवेदनातसुद्धा व्हय-न्हाय पेरलेलं. तात्या, म्हणजे माडगूळकर, असं करत नाहीत. त्यांचं निवेदन सरळ प्रमाण मराठीत, आखूड वाक्यं, बोली फक्त माणसांच्या तोंडात. 'बनगरवाडी' कादंबरीत (१९५५) शेवटी दुष्काळानं अख्खी वाडी उठून जाते, तरी लेखक गळा काढत नाही. मला वाटतं नेटवर तात्यांची पानं कमी आणि त्यांच्यावरचे 'मातीचा गंध'वाले लेख जास्त, म्हणून बॉट त्या लेखांसारखं लिहितो.

प्रॉम्प्टचं म्हणाल तर नुसतं नाव देऊ नका. त्यांची दोन पानं समोर टाका, विशेषणं नकोत आणि शेवटी उपदेश नको असं स्पष्ट सांगा, महिना कुठला, पाऊस झालाय का, जनावरं काय खातायत ते तुम्हीच भरा. बरं येतं मग. पण एवढं सगळं माहीत असणारा माणूस स्वतःच लिहील की, बॉट कशाला लागतोय.

आणि हो, शैलीवर कॉपीराइट नसतो, पुस्तकांवर असतो, लेखक गेल्यानंतर ६० वर्षं. तात्या २००१ साली गेले. म्हणजे मजेसाठी काय करायचं ते करा, पण पुस्तकंच्या पुस्तकं स्कॅन करून त्यात घालू नका आणि खाली त्यांचं नाव तर अजिबात टाकू नका. दाजी ती गोष्ट सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत 'माडगूळकरांच्या शैलीत' म्हणून देणार आहेत. ताईला सांगून ठेवलंय, नाव काढायला लाव, आणि तेवढा ओढा आटवायला सांग.