आधी होऊन गेलेला आजार पुढच्या आजारात कामी येतो का?

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, त्यामुळे घरोघरी टाक्या, ड्रम आणि रांजण भरून ठेवलेले असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला होता आणि यंदा पोळ्यानंतर गावात पुन्हा रुग्ण निघत आहेत. घरातील मंडळी म्हणतात की त्याला एकदा होऊन गेला, आता त्याचे अंग तयार झाले. माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या; त्यानंतर आपल्याला कुठलाच मोठा रोग शिवला नाही, कोविडसुद्धा नाही, असे ती सांगते. यात तथ्य किती?
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : होऊन गेलेला आजार शरीराच्या लक्षात राहतो, ही आपल्या घरातील समजूत मुळात खरी आहे. फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली आणि पुढे १८४६ पर्यंत तेथे गोवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परतला, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांना असे आढळले की ज्या वृद्धांना पासष्ट वर्षांपूर्वी गोवर होऊन गेला होता, त्यांच्यापैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही. मात्र ही आठवण त्या-त्या जंतूच्या चेहऱ्याची असते. चेहरा मिळताजुळता असेल तर तिचा उपयोग होतो, आणि गायीच्या देवीचा लस म्हणून वापर १७९६ साली जेन्नर यांनी याच आधारावर केला. आपल्या आजींच्या शरीरातील देवीची आठवण त्याच कुळातील मंकीपॉक्सविरुद्ध कामी येऊ शकते; देवीची लस घेतलेल्यांना मंकीपॉक्सपासून सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळाल्याचे आफ्रिकेतील तेव्हाच्या झाईरमध्ये (आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) १९८०च्या दशकात दिसले होते. करोनाविषाणूचे कुळ मात्र सर्वस्वी वेगळे आहे, तेव्हा कोविड न होण्याचे श्रेय देवींना देता येणार नाही.

मुलाच्या बाबतीत मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे, कारण डेंग्यूमध्ये हीच आठवण उलटू शकते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते आणि उरलेल्या तिघांपासून केवळ काही महिने. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू अंगात शिरला, तर जुनी प्रतिपिंडे, म्हणजे आधीच्या जंतूला पकडण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने (अँटिबॉडी), त्याला ओळखून चिकटतात खरी, पण त्याला निकामी करण्याइतकी ती नेमकी बसत नाहीत. यात्रेच्या गर्दीत ओळखीचा माणूस समजून आपण एखाद्याचा हात धरावा आणि तो त्याचा भाऊ निघावा, तसे हे होते. प्रतिपिंड चिकटलेला जंतू दिसला की त्याला गिळून टाकणे हे शरीरातील भक्षक पेशींचे काम असते. डेंग्यूचा विषाणू मात्र त्याच पेशींत वाढतो, म्हणजे अर्धवट चिकटलेली प्रतिपिंडे त्याला घराचे दारच उघडून देतात. विषाणू वाढतो, प्रतिकाराची प्रक्रिया अनावर होते, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रुग्णाचा रक्तदाब कोसळतो.

क्यूबामध्ये हे फार मोठी किंमत देऊन कळले. तेथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, जी बरीच सौम्य होती. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा १५८ जण दगावले आणि त्यांतील १०१ मुले होती. गंभीर झालेल्यांपैकी बहुतेकांना आधी पहिल्या प्रकाराचा संसर्ग होऊन गेला होता. पहिली साथ ओसरल्यावर जन्मलेली एक-दोन वर्षांची बालके मात्र गंभीर रुग्णांत जवळपास नव्हती. पुढे १९९७ मध्ये त्याच देशातील सांतियागो शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गानेही तोच धोका निर्माण केला. त्यामुळे ‘दोन वर्षे झाली, आता काय’ असे कृपया समजू नये.

याचा अर्थ दुसरा डेंग्यू गंभीरच होतो असा नाही. बहुतेक मुले त्यातूनही नीट बरी होतात. परंतु मुलाला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना आधीच्या डेंग्यूची माहिती द्यावी, जुना रिपोर्ट सोबत न्यावा, आणि तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी गोळी, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, मनाने देऊ नये. डेंग्यूत खरी काळजीची वेळ ताप उतरताना येते. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. पाणी साठवण्यावाचून आपल्या भागात इलाज नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते रिकामे न करता आतून घासावे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. उन्हाळा सरल्यावर कोपऱ्यात सरकवलेला कूलर हे तर त्यांचे हमखास ठिकाण.

आणखी एक समजूत मला सातपुड्याच्या पायथ्याशी नेहमी ऐकू येते : ‘गोवर येऊन गेलेला बरा, अंग घट्ट होते.’ ती घातक आहे. गोवराचा विषाणू आठवण साठवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे काही मुलांत ११ टक्के, तर काहींत तब्बल ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली आढळली. अशा मुलाला आधी जिंकलेल्या लढाया पुन्हा लढाव्या लागतात. गोवराच्या लसीने ही आठवण पुसली जात नाही.

प्रश्न : २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि कोंबड्या पुरण्याच्या कामावर मजुरीला गेलो होतो. आजही पोल्ट्रीतच आहे. लहानपणी कोणता फ्लू झाला यावरून बर्ड फ्लूचा धोका ठरतो, असे वाचले. खरे आहे का?
— एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. आयुष्यातील पहिल्या फ्लूचा ठसा शरीरावर सर्वांत खोल उमटतो आणि पुढे त्याच कुळातील विषाणूंपासून अधिक संरक्षण देतो. फ्लूच्या ए प्रकारातील विषाणूंची, त्यांच्या पृष्ठभागावरील ‘एच’ या प्रथिनावरून, दोन मोठी कुळे आहेत : एच१, एच२ आणि बर्ड फ्लूचा एच५ एका कुळात, तर एच३ आणि एच७ दुसऱ्यात. माणसांत १९६८ पर्यंत पहिल्या कुळातील फ्लू फिरत होता, त्या वर्षी दुसऱ्या कुळातील एच३एन२ आला. नवापूरला कोंबड्यांत आढळलेल्या एच५एन१ने जगात इतरत्र गाठले, ते मुख्यतः १९६८ नंतर जन्मलेल्यांना; चीनमधील एच७एन९ने मात्र त्याआधी जन्मलेल्यांना अधिक. आपला जन्म १९८६च्या सुमाराचा; एच१एन१ १९७७ साली परतला असल्याने त्या काळात दोन्ही कुळांचे फ्लू एकत्र फिरत होते, म्हणून आपला पहिला फ्लू कोणता, हे जन्मसालावरून सांगता येत नाही. शिवाय हा ठसा लक्षावधी लोकांच्या आकड्यांत दिसतो. एका माणसाला त्यावर विसंबून मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवता येत नाही. शेडमध्ये अचानक पक्षी मरू लागले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत आपल्याला ताप-खोकला आला तर पोल्ट्रीत काम करतो हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. दरवर्षीची फ्लूची लसही घ्यावी. ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण दोन फ्लू एकाच शरीरात एका वेळी भेटून त्यांची सरमिसळ होण्याची शक्यता ती कमी करते.